बाराच्या प्लायवर तुझा पाय

तुळशा, तुझी तेरवी होऊन चारच दिवस झाले होते अन् माझा पोरगा प्रशांत आमच्या छपरावर चढला होता. मी खाली हातमागाजवळ उभा, हातात बांबू, मान वर. तू असतास तर आधी मला शिव्या घातल्या असत्यास, मग त्याला. पण तू नव्हतास म्हणूनच तर तो वर होता. हेच सांगायला बसलो आहे.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. हात सफाईदार, माणूस भला, अड्याळात असा सुतार होणे नाही, वगैरे. मग मला उठवलं. "मनोहरभाऊ, तुमी बोला जी, तुमचा तं लंगोटीयार." उठलो खरा. डोक्यात आपलं भांडण फिरत होतं, बारा की अठरा. आता चारचौघांत काय सांगू, की साठी ओलांडलेली दोन माणसं तीन वर्षं प्लायवूडच्या जाडीवरून भांडत होती, अन् एकाच्या तोंडून त्या भांडणात नको ते निघून गेलं? हात जोडले अन् खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बसलो. दुःख होतंच, पण लाज जास्त होती.

भांडण सुरू झालं त्या वर्षी वांदरांनी उच्छाद मांडला होता, आठवते ना? टोळी यायची ती थेट मागाच्या खोलीवर उड्या घ्यायची, अन् मातीचे कवेलू फुटून तुकडे खाली कोशाच्या रेशमी ताण्यावर. तुझी विमलवहिनी मागावर बसलेली असताना एक अख्खा कवेलू तिच्या खांद्याला घासून पडला. गावातले सगळे म्हणत होते, टिन टाका, मोकळे व्हा. पण टिनाखाली उन्हाच्या तापानं आमचा धागा तडकते, अन् माणूसही. तेव्हा तूच तोडगा काढलास. छपराचे जुने सागवानी वासे, आपले फाटे, आहेत तसे ठेवायचे, त्यावर सलग प्लाय ठोकायचा, वर ताडपत्री, वर पट्ट्या, अन् वर कवेलू. वांदर नाचो की गाणं म्हणो, खाली कचरा पडणार नाही. मी तुझी पाठ थोपटली. तिथपर्यंत आपलं जमलं होतं.

मग आपण पवनीला दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, फाट्या-फाट्यात अंतर किती? तू म्हणालास, दोन फूट. तो म्हणाला, दोन फुटाला बारा मिलिमीटरचा पुरते. मी तिथंच म्हणालो, "तुळशा, दोन फूट कुठं आहे बे?" कारण ते फाटे माझ्या आज्याच्या काळचे, कुऱ्हाडीनं सोललेले. कुठं दीड फुटावर, कुठं दोनवर, अन् मागाच्या बरोबर वर तर दोन फाट्यांच्या मधात जवळजवळ तीन फुटांची पोकळी. मी अठराचा मागत होतो. तू सुतारी भाषेत, बाराला चार सूत अन् अठराला सहा सूत म्हणत, मला उडवून लावलंस.

"चार सूत पुरते. सहा सूत कायले पायजे? मातीच्या भिंती आहेत तुझ्या, म्हाताऱ्या फाट्यांवर वजन कायले वाढवतं?"

"अबे, पन मानूस वर चढला अन् पाय आत गेला तं?"

"चढनार कोन आहे वर?" तू छातीवर हात मारला होतास. "मी चढनार. मले मालूम आहे, पाय कुठं द्याचा अन् कुठं नाही. तुझ्यासारखा क्विंटलभराचा मानूस चढनार असन तं सांग, मी छप्पर नाही, पूल बांधतो."

दुकानदार हसला, तू हसलास, अन् बाराचा प्लाय गाडीत चढला. तू अड्याळ येईपर्यंत गाणं गुणगुणत होतास, ते मला चिडवायलाच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर दर वैशाखात तुझा तो दिवस ठरलेला. वांदरांनी सरकवलेले कवेलू काढायचे, फुटलेले बदलायचे, पुन्हा बसवायचे. या फेरणीला गावात मजूर मिळतात, पण आमच्या छपराला तू कोणाचा हात लागू दिला नाहीस. चपला शिडीखाली काढायचास, पाय धुवायचास अन् विमलला ओरडून सांगायचास, "वैनी, माग चालूच ठेवा! थांबू नोका!" मागाचा ठोका खालून ऐकू आला की आपण नेमके कुठं उभे आहोत ते तुला कळायचं. तीन फुटांची पोकळी त्या ठोक्याच्या बरोबर वर, म्हणून ठोका पायाखाली आला की तू ढांग मोठी टाकायचास. विमल बिचारी दिवसभर मागावरून उठायची नाही. मी बाजूला धाग्याच्या कांड्या भरत बसायचो अन् वर बघत राहायचो. तुझ्या पायाखाली फळी कधी हलली नाही. कवेलू सरकल्याचा आवाज यायचा, तुझा खोकला यायचा, शिवी यायची, पण तुझा पाय कुठं आहे ते मला खालून एकदाही दिसलं नाही.

अन् दरवर्षी जेवताना तेच भांडण. मी म्हणायचो, पुढच्या साली अठराचा टाकू. तू म्हणायचास, पडला का मी? मी म्हणायचो, तुझा प्रश्न नाही रे. तू म्हणायचास, मग कोणाचा आहे? याच्या पुढचं वाक्य मला बोलता यायचं नाही. सांगायचं काय, की तू बासष्टचा झालास, धाप लागते, शिडीवर अर्ध्यात थांबतोस, अन् एक दिवस तू येणार नाहीस? असं कोणी मित्राला म्हणते का? म्हणून मी जाडीवर बोलत राहायचो. बारा, अठरा, चार सूत, सहा सूत. तुला काय वाटलं, मला प्लायवूडचा एवढा पुळका होता?

मागच्या वैशाखात मात्र माझी जीभ सुटली. विमलनं तुझ्यासाठी तळ्याच्या झिंग्यांची भाजी केली होती. तू दोनदा भात घेतलास, तिसऱ्यांदा घेत होतास, अन् घास हातात धरून पुन्हा म्हणालास, "पाह्य मन्या, यंदाबी नाही पडलो." का कोण जाणे, माझं टाळकंच सरकलं.

"अन् तू मेल्यावर कोन चढन बे?"

असंच म्हणालो. एवढ्याच मोठ्यानं. विमलच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ती म्हणाली, "अवो, तोंडाले काही लगाम आहे का नाही तुमच्या? जेवत्या मानसाले असं म्हन्तेत?" तू हसलास. पण तुळशा, ते हसणं पवनीच्या दुकानातलं नव्हतं. ताटातला भात तसाच ठेवून तू हात धुतलास, "चाल वैनी, निंगतो," म्हणालास अन् चपला पायात घालत गेलास. तिसरा भात मी गाईला टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूच चहाला आलास. काही झालंच नाही, असा बसलास. दिवाळीच्या आधी मागाच्या पायाखालच्या पावड्या दुरुस्त करून दिल्यास, पोळ्याला तर माझ्या वासरापेक्षा तूच जास्त सजला होतास. मी दहा वेळा ठरवलं, आज म्हणतो, चुकलो गा तुळशा. दहाही वेळा तू काहीतरी मस्करी केलीस अन् माझं राहून गेलं. अन् तूही पुन्हा कधी बारा-अठराचा विषय काढला नाहीस. मला बरं वाटायचं की भांडण संपलं. आता वाटते, तू ते वाक्य खिशात घालून वर्षभर फिरत होतास.

चैत्रात तू बाजारात बसल्या जागी गेलास. निरोप आला तेव्हा मी मागावर होतो. आता एक गोष्ट सांगतो, ती विमललाही सांगितलेली नाही. निरोप ऐकल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? तुझं तोंड नाही, घरी तुझी वाट बघणाऱ्या रेखावहिनी नाहीत. मी वर बघितलं, फळ्यांकडे, अन् मनात आलं, आता इथं कोण चढेल? लहानपणापासूनचा मित्र गेला अन् मी छप्पर बघत होतो. मला स्वतःची घाण वाटली. तुला हे कळलं तर तू हसशील की काय करशील, सांगता येत नाही.

तुझ्या तेरवीनंतर दोन दिवसांनी अवकाळी वादळ आलं. आधीच वांदरांनी जागोजागी कवेलू उघडे केले होते, त्यात ताडपत्री फाटली, अन् फळ्यांच्या फटींतून पाणी थेट मागावर. ताणा ओला झाला. तो ताणा विमलनं अन् मी मिळून महिनाभर बसून लावला होता. आणखी एक सर आली असती तर उरलेलंही गेलं असतं. प्रशांत तुझ्या तेरवीसाठी नागपूरहून आला होता, त्याची सुट्टी संपायला दोन दिवस होते. तो म्हणाला, "मी चढतो. काकाले लहानपनापासून पाहून राहिलो."

"काही गरज नाही. मजूर पाहू," मी म्हणालो.

"बाबा, मजुराचा पाय लोखंडाचा असते का? त्याच्यापेक्षा मी बरा. मले तुमी खालून सांगा ना."

मजूर म्हणजेही कोणाचा तरी पोरगाच. अन् मला वाटलं, फाटे खालून दिसतात, आपण बांबूनं फाटा ठोकू, ठोका लागेल तिथं त्यानं पाय ठेवावा. वर प्लाय सलग आहे, त्यावर ताडपत्री, त्याला काहीच दिसणार नाही. तो माझ्या ठोक्यावर चालेल. मला हे मोठं अकलेचं वाटलं, तुळशा. तुझ्यावाचून मार्ग काढला म्हणून मनात थोडा ताठाही आला होता, खोटं कशाला सांगू.

तो चढला. मी पहिला फाटा ठोकला. "आला?" "आला!" दुसरा. "आला!" विमलला मी माग चालू ठेव म्हणालो, पण तिचे हात चालेनात. ती मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तशीच बसली, डोळे वर, पदर तोंडाला. माग बंद. तिसरा फाटा, चौथा. अन् मग मला ते दिसलं, जे तीन वर्षांत कधी दिसलं नव्हतं. फळीला पोट आलं. प्रशांतचा पाय फाट्यावर नेमका पडला नव्हता, चार बोटं बाजूला पडला होता, अन् त्याच्या पायाखाली बाराचा प्लाय खाली वाकला होता. त्यानं दुसरा पाय उचलला तसं पोट पुढं सरकलं. माझ्या पोराचा पाय मला खालून दिसत होता, फळीतून, चालताना.

"प्रशांत, हलू नोको!"

"काय झालं?"

"हलू नोको म्हनलं ना! उजवीकडं सरक, चार बोटं! उजवीकडं!"

पण त्याची उजवी म्हणजे माझी कोणती? तो वर आढ्याकडे तोंड करून होता की भिंतीकडे, मला काय माहीत? तो सरकला, अन् नेमका पोकळीकडे सरकला. तीन फुटांच्या त्या पोकळीवर, मागाच्या बरोबर वर, विमलच्या डोक्यावर. कड असा आवाज आला. फळीत पांढरी रेघ उमटली, हातभर लांब. मी विमलला ओढून बाहेर काढलं की ती स्वतः उठली, मला आठवत नाही. मी मागाच्या चौकटीवर चढलो, ज्या चौकटीला मी तीस वर्षांत पायाचा धक्का लागू दिला नव्हता, अन् बांबू टाकून दोन्ही पंजे त्या पोटाखाली लावले. माझ्या पंजावर माझ्या पोराचं वजन होतं, मधात फक्त चार सूत लाकूड.

"पोटावर झोप," मी ओरडलो. "झोप अन् वर सरक, आढ्याकडं. हात पसर. पाय देऊ नोको कुठंच!"

तो झोपला. फळीचं पोट हळूहळू माझ्या हातावरून निघून गेलं. तो आढ्याला धरून शिडीपर्यंत कसा आला मला माहीत नाही, मी तसाच हात वर करून उभा होतो. विमल म्हणाली, "अवो, उतरा आता, तो खाली आला." उतरलो तो खड्ड्याच्या काठावरच बसलो. प्रशांत पाणी पिऊन म्हणाला, "काका कसे चालत होते जी याच्यावर?"

तुझ्यावर राग आला, तुळशा, एवढा की तू समोर असतास तर दोन लावल्या असत्या. संध्याकाळी तुझ्या घरी गेलो. रेखावहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, अन् रागाच्या भरात हेही म्हणालो, "वैनी, मी किती वेळा म्हनलं त्याले अठराचा टाक. ऐकला नाही म्हंजे नाही."

वहिनी खाली मान घालून खडे वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, ते घरी येऊन म्हनत, मन्याचं बरोबर आहे. मी म्हनलं, मंग टाकून द्या ना अठरा. तं म्हने, अठरा टाकला तं मन्या कोनालेबी चढवन. मले कायले बोलावन मंग?"

मला वाटलं होतं तू अडून बसला आहेस, तुला माझं पटत नाही. पटत होतं लेका, सगळं पटत होतं. एवढ्यासाठी, वैशाखातल्या एका दिवसासाठी, झिंग्यांच्या भाजीसाठी, विमलच्या "आले का भाऊजी" साठी तू माझं छप्पर पातळ ठेवलंस? अबे, छपरासाठीच बोलावत होतो का मी तुला? कवेलू नसते, घरच नसतं, तरी बोलावलं असतं ना. एकदा विचारायचं तर होतं! अन् मीही कधी सांगितलं नाही, हेही खरं. कवेलूंच्या निमित्तानं तू येत होतास, निमित्ताशिवाय ये, असं म्हणायची आपल्या दोघांत रीतच नव्हती. पण माझ्या पोराचा पाय त्या पोकळीवर होता, तुळशा. हे मला इतक्या लवकर माफ करता येणार नाही. तुझी आठवण काढून रडतो, अन् रडता रडता तुला शिव्या देतो, सध्या असं चाललं आहे.

एक मात्र तुझं मानतो. तीन वर्षं तू त्या फळीवर चाललास अन् मला खालून फळी वाकलेली दिसली नाही. प्रशांतला जे चार पावलंही जमलं नाही ते तू धाप लागलेल्या छातीनं, दिवसभर उन्हात केलंस, अन् वरून मस्करी करत होतास. मला तेव्हा कळायला पाहिजे होतं की वर काय चाललं आहे. मी कांड्या भरत होतो अन् तू पडणार की नाही यावर भांडत होतो. एकदाही म्हणालो नाही की वा रे तुळशा. आज म्हणतो, वा रे. ऐकू येत असेल तर ऐक.

परवा भंडाऱ्याहून नवा मिस्त्री आला. सगळे कवेलू उतरवले, बाराचा प्लाय काढून अंगणात टाकला. ती पांढरी रेघ उन्हात चांगलीच दिसत होती. त्यानं पोकळी मोजली अन् म्हणाला, दोन फाट्यांच्या मधात आडवी लाकडं ठोकतो, भिंतीला हात लावायची गरज नाही. एवढं सोपं होतं. तुला माहीत नव्हतं असं तर मी मरेपर्यंत मानणार नाही.

मग तो टेप गुंडाळत सहज म्हणाला, "फळी कोनती टाकू जी? वर दरसाल कोन चढते?"

ज्याचं उत्तर तू छातीवर हात मारून दिलं होतंस, ते आता मला द्यायचं होतं. विमल दारात होती, तिनं तोंड फिरवलं.

"कोनीबी," मी म्हणालो.

"कोनीबी म्हंजे?"

"कोनीबी चढो. मी चढलो तरी चालला पायजे, तुमी चढले तरी. वळखीचा असो का नसो."

"मंग अठराच," तो म्हणाला अन् कानावरची पेन्सिल काढून खुणा करायला लागला. त्याला यात विशेष काही वाटलं नाही. मी मागच्या दारानं बाहेर आलो. भांडण जिंकलेला माणूस असा रडताना कोणाला दिसू नये, म्हणून विहिरीच्या आडोशाला बराच वेळ उभा राहिलो. आतून ठोकण्याचा आवाज येत होता, एकसारखा, अन् आता कोणी खालून फाटा दाखवायची गरज राहिली नव्हती.